दोऱ्याखालच्या पुतळ्या

आक्काबाई बोलत नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून आमचं जमलं. सिल्वासाच्या बाजारात अशोकशेठच्या सोन्याचांदीच्या दुकानाला लागून माझं बांगड्यांचं दुकान आहे, आणि दोन्ही दुकानांच्या मधल्या पायरीवर आक्काची बैठक. गिऱ्हाईक मला विचारतं, "कमळाबाई, ही म्हातारी मुकी आहे का?" मी म्हणते, "मुकी नाही, शहाणी आहे. तुम्हीही जरा शिका तिच्याकडून." माझं तोंड हे असं. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडामुळं बांगड्या कमी खपतात. खपू देत कमी.

आक्का पटवेकरीण. सोनार मणी घडवतो, वाट्या घडवतो. पण ते रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करायचं ते पटवेकऱ्यानं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दुसरं टोक दातात धरायचं आणि बोटं चालू. दातात दोरा असल्यावर बाई बोलणार कुठून? तिचं माहेर शिंदखेड्याकडचं. तिची आईही हेच काम करायची, गावोगाव हिंडून. मुलगा वाल्मिक मसाटच्या एका कंपनीत लागला तेव्हा आक्का त्याच्याबरोबर इकडे आली, आणि घरात बसून कंटाळली तशी या पायरीवर येऊन बसली, ती बसलीच. तिचा नवरा जाऊन जमाना झाला. मी पुष्कळदा म्हटलं, "आक्के, घाल की दोन काचेच्या माझ्याकडच्या, पैसे कोण मागतंय?" तर अशी बघते की आपणच खजील व्हावं.

तिच्या कामात मात्र कोणी बोट घालू नये. गाठ सैल राहिली तर स्वतःच उसवून पुन्हा बसणार, गिऱ्हाईक ताटकळलं तरी हिला त्याचं काही नाही. आणि खोटं बोलणार नाही. एकदा माझ्याच बहिणीला तोंडावर सांगितलं, "हे मणी हलके आहेत, फसवलं तुला." बहीण माझ्यावर रुसली ती रुसलीच. आक्काचं काय गेलं?

तर दिवाळी होऊन गेली होती. बाजार थंड. दुर्गा आली ती जेठाच्या, म्हणजे मोठ्या दिराच्या, बाईकवरून. दुर्गा माझं जुनं गिऱ्हाईक, गलोंड्याला राहते. तिचा नवरा संजू तिथल्याच एका कंपनीत होता. काविळीनं गेला बिचारा, तिशीसुद्धा गाठली नव्हती. जेठ सुकदेव मसाटला मजूर पुरवण्याचा ठेका घेतो. माणूस वाईट नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बऱ्याच शिव्या देणार आहे. भावाला दवाखान्यात त्यानंच नेलं, उशाशी तोच बसला, खांदाही त्यानंच दिला. त्या दिवशी दुर्गाच्या मंगळसूत्रातल्या वाट्या मोडून तिच्या लेकीसाठी कानातलं करायचं होतं. बाई एकटी गेली तर सोनार फसवेल, म्हणून हा सोबत.

अशोकशेठ फसवणारा नाही हो. त्याचं एकच वेड आहे, जुनी नाणी. पोर्तुगीजांच्या वेळची, संस्थानांची, कुठकुठची नाणी त्यानं जमवलीत, आणि नाण्याबरोबर ते ज्यातून आलं ती डबी, थैली, लाखेची मोहर मारलेलं फडकं, सगळं कपाटात जपून ठेवलंय. मला ऐकवून ऐकवून वीट आणलाय त्यानं. "कमळाबेन, नाणं तर कुठंही मिळे. पण ज्यात बांधलेलं ते पहिल्यांदा ठेवलं, ते कोण राखतं? लोक सोनं ठेवतात न फडकं फेकून देतात."

दुर्गा पायरीशी उभी होती. गळ्यात मंगळसूत्र नाही, नुसती एक सुती माळ. सुताच्याच चपट्या चकत्या, काथ्याच्या रंगाच्या, घामानं काळवंडलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्यातरी देवाचा नवसाचा दोरा. त्यातल्या एका चकतीचा दोरा सुटून लोंबत होता.

आक्कानं दातातला दोरा काढला. "पोरी, उसवलंय बघ ते. दे इकडे, बांधून देते. पैसे नको देऊ."

दुर्गानं माळ काढून दिली. आक्कानं ती हातात घेतली, बोटांनी चाचपली, आणि तिचा हात थांबला. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसते, तिचा हात असा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. तिनं पटकन माळ मुठीत मिटली. पण सुटलेल्या दोऱ्यातून कड दिसायची ती दिसली होती. पिवळी कड, वर बारीक नक्षी. आणि ती दिसली कुणाला? अशोकशेठला. जुनं नाणं गल्लीच्या टोकाला असलं तरी त्या माणसाला दिसतं.

"आक्काबेन, मूठ उघडो तो," तो गल्ला सोडून बाहेरच आला. दोरा नखानं जरा बाजूला सारून कड पाहिली, दुसरी चकती हातावर तोलली. "अरे, आ तो पुतळी! आजकाल दागिन्यात घालतात ती नाही, जुनं नाणं! आणि ही एक नाही, सगळ्या चकत्या वजनाला तशाच लागतात. वरून सूत गुंडाळलेलं. असं बांधलेलं नाणं मी जिंदगीत पाह्यलं नाही."

सुकदेव बाईकवरून उतरला. "शेठ, सोनं आहे?"

"दोरा काढल्याशिवाय कसं सांगू? पण दिसतं तर तसंच."

दुर्गा भांबावून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "मला ठाऊक नाही हो दादा," ती जेठाला म्हणाली. "वेणूमायनं दिली मला ही."

वेणूमाय म्हणजे या भावांची चुलत आजी. आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. लहान वयात विधवा झाली, मूलबाळ नाही, जन्मभर त्याच घरात एका कोपऱ्यात राहिली. शेवटच्या आजारपणात नवी सून म्हणून आलेल्या दुर्गानं तिचं सगळं केलं. जायच्या आधी तिनं ही माळ दुर्गाच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पेटीत ठेव. आत्ता घालू नको. वेळ आली तर घाल. येऊ नये वेळ." दुर्गाला वाटलं, नवसाचा दोरा असेल. संजू गेला, गळा मोकळा झाला, तेव्हा तिला ते आठवलं आणि तिनं ती घातली. त्यात कोणी हरकत घेतली नाही. विधवेच्या गळ्यातल्या सुताला कोण हरकत घेणार?

"वेणूमायनं दोरा दिला," सुकदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हिशेबी झाला होता. "सोनं आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं? माझे आजोबा दरोड्याच्या भीतीनं सोनं कुठं कुठं लपवायचे. चुलीखाली, भिंतीत. हे त्यांनीच गुंडाळून ठेवलं असणार, आणि या म्हातारीच्या गळ्यात कोण बघतंय म्हणून तिच्याकडे दिलं असणार. दोरा तुझा, दुर्गा. ठेव. सोनं घराचं आहे."

झालं! मला इतका संताप आला की हातातला बांगड्यांचा डबा मी आपटला आणि दोन फुटल्या. पण खरं सांगायचं तर बोलणं बिनतोड होतं. आता सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं. नाण्यांवरचं हे सूत कुणी बांधून घेतलं? आजोबांनी सोनं लपवायला बांधलं असेल तर दुर्गाच्या हाती नुसतं सूत. वेणूमायनं स्वतः बांधून घेतलं असेल तर ते तिचं, आणि तिनं दिलं तिचं. दुर्गाकडे दुसरं होतं काय? ती मसाटला दोऱ्याच्या कंपनीत जाते, गलोंड्याची खोली सोडायची वेळ आली होती. जेठ म्हणत होता, गावी चल, आमच्यात राहा. तिला इथंच राहायचं होतं, स्वतःच्या जिवावर, लेकीला घेऊन. वेणूमायसारखं कुणाच्या घराच्या कोपऱ्यात तिला राहायचं नव्हतं. हे ती मला मागेच रडून सांगून गेली होती.

"आक्काला विचारा," मी म्हटलं. "दोऱ्यातलं तिला कळतं. काय गं, कोणाची बांधणी ही?"

आक्का मान खाली घालून बसली. "मला काय माहीत," ती म्हणाली.

मला कळलं, ती खोटं बोलतेय. पहिल्यांदा. माझं डोकंच फिरलं. "माहीत नाही कसं? हात लावल्या लावल्या तुझा चेहरा उतरला तो काय उगाच? बोल की! दुसऱ्याचे हलके मणी तोंडावर सांगतेस, आता काय तोंडाला कुलूप लागलं?"

"कमळे, गप."

सुकदेव म्हणाला, "कातर द्या शेठ. कापून टाकू, भानगड मिटेल."

"कातर नको!" अशोकशेठ आणि आक्का दोघंही एकदम ओरडले. शेठला ती बांधणी हवी होती. तो हात जोडून म्हणाला, "अरे भाई, जुन्या नाण्याची असली बांधणी म्हणजे अर्धी किंमत त्यातच. एक बाजूनं सोडवा, हळू. मी कसोटी घेऊन येतो." आणि तो कसोटीचा दगड आणायला आत गेला.

आक्कानं सुई घेतली. जी चकती उसवली होती तिचंच टोक धरून ती दोरा उलगडत गेली. तिच्या मांडीवर सुताचा पुंजका वाढत होता. शेवटचा पदर सुटला आणि आतून नाणं निघालं. सोन्यासारखं चमकत नव्हतं. वर मेणचट, मळकट थर, आणि त्यात लाल भुकटी. लालच लाल. आक्काची बोटं भरली, पायरीवर सांडली.

सुकदेव वाकून बघतच राहिला. मग हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "गंज! सोन्याला कुठं गंज चढतो? लोखंडावर मुलामा आहे साला. उगीच मी..." त्यानं हात झटकले. "ठेव गं दुर्गा, ठेव तुझ्याकडंच. वेणूमायची आठवण. मला नको." आणि तो खरोखरच बाईककडे वळला.

देवा शप्पथ सांगते, मला नाचावंसं वाटलं. अजून थोडा वेळ गप्प बसायचं होतं. शेठ दगड घेऊन बाहेर यायच्या आत हा निघून गेला असता, आणि सगळ्या पुतळ्या दुर्गाच्या. मी आक्काच्या दंडाला असा चिमटा काढला की तिला वळ उठला असेल. गप्प बस म्हातारे! जन्मभर गप्प बसलीस, आज बसायलाच पाहिजे!

"गंज नाही तो," आक्का म्हणाली. मोठ्यानं. "दादा, इकडं या. सोनं आहे हे. आणि लाल आहे ते कुंकू आहे."

मी कपाळाला हात लावला. सुकदेव थांबला.

"तुमचं गाव शिंदखेड्याच्या खालचं, नदीकाठचं ना? घरासमोर मोठी चिंच होती?" आक्का त्याच्याकडे बघतही नव्हती, नाण्याकडे बघत बोलत होती. "ही माझ्या आईच्या हातची बांधणी. आई डावरी होती. सगळे पटवेकरी दोरा या बाजूनं फिरवतात, तिचा उलटा फिरायचा. हात लावला तेव्हाच कळलं मला. त्या घरी मी तिच्याबरोबर आले होते, लहान होते. पाळण्याचे गोंडे करायला बोलावलं म्हणून आत घेतलं आम्हाला. घरातले पुरुष शेतात. एका बाईनं पिठाच्या डेऱ्यातून पुतळ्या काढल्या. डोकं झाकलेलं, माझ्या मोठ्या बहिणीएवढी असेल. तिच्या माहेरच्या पुतळ्या. बाकीचं सगळं जेठानं काढून घेतलं होतं, म्हणाला, तुला आता काय करायचंय. जेठ म्हणजे तुमचे आजोबा."

सुकदेवनं बाईकची किल्ली काढून घेतली.

"आईनं एकेक पुतळी सुतात गुंडाळली. मी टोक धरून बसले होते. दरोडेखोरासाठी नाही बांधलं हो ते. घरातल्या माणसांसाठी बांधलं. विधवेच्या गळ्यातल्या सुताला घरातला पुरुष हात लावत नाही, म्हणून सूत. आणि प्रत्येक पुतळीवर आई आधी मेण लावायची, वर कुंकू. कपाळाला लावतात तसंच. ती बाई रडायला लागली तर आई म्हणाली, कपाळावर ठेवू देत नाहीत तर आत ठेव, तुला ठाऊक, मला ठाऊक." आक्कानं श्वास घेतला. "अशा माळा आईनं आणखी पण केल्या. कुणाला सांगणार नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती. म्हणून गप्प होते मघाशी. पण वेणूबाईच्या कुंकवाला तुम्ही गंज म्हणालात, ते माझ्याच्यानं ऐकवलं नाही. आणि तुम्ही टाकून दिलेलं म्हणून ही पोर का घेईल? हिला दिलेलं आहे ते."

अशोकशेठ दगड हातात घेऊन केव्हाचा दारात उभा होता. त्यानं तो खिशात टाकला. नाणं घासून बघायचं त्याला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

सुकदेव पायरीशी आला. सांडलेलं कुंकू त्यानं बोटानं उचललं आणि अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग दुर्गाला नाही, मला नाही, आक्कालाच म्हणाला, "माझ्या हळदीच्या दिवशी ती पुढं आली होती. मला बघायला. मीच म्हणालो, वेणूमाय, तू मागं बस." तो बोटावरच्या कुंकवाकडंच बघत होता. "लहानपणी मी तिच्याच हातचं जेवायचो." मघापासून जिभेवर आलेल्या माझ्या सगळ्या शिव्या मी गिळल्या. त्या माणसाला अजून काय बोलायचं?

"दादा," दुर्गा म्हणाली, "मी गावी येणार नाही."

"नको येऊ," तो म्हणाला. "माळ तुझी आहे." आणि बाईकपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आक्कानं डोळे पुसले आणि पुन्हा दोरा अंगठ्याला अडकवला. उसवलेलं नाणं तिला परत बांधायचं होतं, आईनं बांधलं तसंच. अशोकशेठ पुढे सरसावून म्हणाला, "हां आक्काबेन, जुनंच सूत वापरा, तेच वळण." आक्का मला म्हणाली, "कमळे, चिमूटभर कुंकू दे. आतलं सांडलं." बांगड्यांबरोबर मी हळदकुंकवाच्या पुड्याही ठेवते. एक फोडून तिच्यासमोर धरली. तिनं बोट बुडवलं आणि पुतळीवर टेकवणार, तेवढ्यात दुर्गानं तिचं मनगट धरलं.

"आत नको, आक्का."

आक्काला कळलं नाही. "अगं, आईनं असंच..."

"आत नको. बाहेर लावा." आणि दुर्गा पायरीवर तिच्यापुढं बसली, भर बाजारात, आणि कपाळ पुढं केलं. "आणि हे सूत सगळंच काढा. पुतळ्या उघड्या ओवून द्या मला. मी घालणार आहे."

"बेन, ही बांधणी..." अशोकशेठचा जीव तुटत होता. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं. तो आत गेला.

आक्कानं हात मागे घेतला. "मी कशी लावू गं? मी अशी. ही कमळा लावेल, ती सवाशीण आहे."

"तुम्हीच लावा," दुर्गा म्हणाली.

आक्कानं लावलं. जरा वाकडंच लागलं. दुर्गानं डोळे मिटले होते, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रस्त्यावरच्या दोघी थांबून बघायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, "काय बघता? बांगड्या घ्यायच्या तर आत या, नाहीतर चालू लागा." तिकडे सुकदेवनं वळून पाहिलं. दुर्गाचं कपाळ पाहिलं. आणि म्हणाला, "चल, पोरगी वाट बघत असेल." माळ आक्कापाशी ठेवून दुर्गा त्याच्या मागे बसून गलोंड्याला गेली, तसंच कुंकू लावून.

आक्का दिवस मावळेपर्यंत आईचं सूत उलगडत बसली. एकेका पुतळीवरून कुंकू गळत होतं, मांडी लाल, लुगडं लाल. मध्येच ती हमसून हमसून रडायची आणि पुन्हा सुई धरायची. मी मुकाट तिच्या शेजारी बसले. हो, मी. मुकाट. शेवटची पुतळी झाली तेव्हा तिनं माखलेलं बोट वर धरून पाहिलं, आणि पुसायला पदर ओढला. मी ते बोट धरलं आणि तिच्याच कपाळाला टेकवलं. तिनं मला अशा शिव्या दिल्या, अशा शिव्या दिल्या की मला येतात त्याहून जास्त तिला येतात हे मला त्या दिवशी कळलं. पण पुसलं नाही तिनं.